काळी एकमध्ये पाच फ्लॅट

१२ जून

मुंबईहून अरेंजरचा फोन. दिवाळी पहाट आहे, पुण्यातच. चौदा गाणी, व्हायोलिनचा ताफा, तालीम एकच. "पार्ट लिहून पाठवतो," म्हणाले. मग जरा थांबून, "नोटेशन वाचता ना?" मी विचारलं, "तालीम कधी?" त्यांनी ऑक्टोबरातली तारीख सांगितली आणि फोन ठेवला.

म्हणजे चार महिने आहेत.

ऑर्केस्ट्रात बेसवाल्याला कागद कोणी देत नाही. सिंगर स्टेजवर चढता चढता कीबोर्डवाल्याच्या कानात "काळी दोन" म्हणतो, कीबोर्डवाला माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवतो, ड्रमरने रोल मारला की मी सुरू. गाणं बहुतेक वेळा लहानपणापासून कानात असतं. नसलं तर सा आणि प धरून पहिलं कडवं निघतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत रस्ता सापडलेला असतो. यात कमीपणा काही नाही. पॉल मॅकार्टनीला नोटेशन वाचता येत नाही, हे तो स्वतःच सांगत आलाय. पण दुसऱ्याने लिहिलेली चौदा गाणी एका तालमीत बसवायला मॅकार्टनीला कोणी बोलावत नाही. मला बोलावलंय.

१५ जून

अप्पा बळवंत चौकात पाच रेघांची वही मागितली. दुकानदाराने चाररेघी काढून दिली. "पाच," म्हटलं, तर म्हणाला, "केजीला चारच लागतात." घरी येऊन कॉम्प्युटरवर रेघा आखल्या आणि छापून घेतल्या.

बेस क्लेफ दिसायला उलट्या स्वल्पविरामासारखा, पुढे दोन टिंबं. त्या दोन टिंबांच्या मधून जाणारी रेघ, खालून चौथी, ती एफ. एवढं पक्कं झालं की बाकीचं मोजत जाता येतं. आपल्या मोकळ्या तारा कुठे बसतात ते आधी काढलं. जी सर्वात वरच्या घरात, डी बरोबर मधल्या रेघेवर, ए सर्वात खालच्या घरात. ई मात्र पाच रेघांत मावत नाही. खाली एक तुटकी रेघ ओढायची आणि तिच्यावर तो बसवायचा.

यातही एक गोम आहे. कागदावर जो ई दिसतो त्याच्या एक सप्तक खालचा ई प्रत्यक्षात वाजतो, सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. खऱ्या जागी लिहायचा तर तो चार तुटक्या रेघांच्याही खाली लोंबकळला असता आणि वाचणाऱ्याचे डोळे गेले असते. म्हणून सगळंच एक सप्तक वर लिहायची रीत. उभ्या डबल बेसची हीच रीत होती, बेस गिटारला ती वारशाने मिळाली.

२२ जून

गुरू सापडले. आमच्या ड्रमरच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, लष्कराच्या बँडमध्ये उभी नोकरी युफोनियम वाजवण्यात गेली. मी आधी जरा साशंक होतो. युफोनियम हे पितळी फुंकवाद्य, माझं तारांचं. पण युफोनियमवालाही बेस क्लेफच वाचतो! लष्करी बँडच्या जवानांना पचमढीच्या म्युझिक विंगमध्ये नोटेशन शिकवतात. तिथे खेड्यातून आलेला पोरगा, ज्याने हलगीशिवाय काही ऐकलेलं नसतं, तो कागदावरचे मार्च वाजवत बाहेर पडतो. सुभेदार त्यातलेच.

पहिल्या दिवशी बेस घेऊन गेलो. त्यांनी पिशवीची चेनसुद्धा उघडू दिली नाही.

"हे राहू द्या हितंच. बूट आहेत का?"

मी चपलेत होतो. "पुढच्या वेळी बूट घालून या," म्हणाले. त्या दिवशी फक्त टाळ्या वाजवल्या.

२९ जून

बूट घालून गेलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून चालायचं, हातात कागद, तोंडाने "एक-आणि-दोन-आणि". डावा पाय एकवर आणि तीनवर. आकडा म्हणताना पाय जमिनीवर, "आणि" म्हणताना पाय हवेत. सुभेदार शेजारून चालतात आणि माझा पाय चुकला की फक्त "हं" करतात.

आज टिंब लावलेला क्रॉचेट आणि त्याच्या मागचा क्वेव्हर चालून दाखवला. पहिला स्वर एकवर पडतो. दोनवर पाय आपटतो पण आवाज नवा नाही, आधीचाच लांबलेला. पाय उचलला की क्वेव्हर. हा ठेका मी आयुष्यभर वाजवत आलोय, निम्मी हिंदी गाणी त्यावर उभी आहेत. कागदावर तो असा दिसतो हे माहीत नव्हतं. ओळखीचा माणूस आधार कार्डावरच्या फोटोत बघावा तसं झालं.

नंतर त्यांनी टाय दाखवला. मोजणीचा शेवटचा "आणि" वाजवायचा आणि तोच स्वर पुढच्या बारच्या एकवर नुसता धरून ठेवायचा. आपल्याकडे समेवर येणं म्हणजे केवढा सोहळा. इथे समेवर पाय पडतो तेव्हा स्वर आधीच येऊन बसलेला असतो. चार-पाच फेऱ्या मारल्यावर ते अंगात उतरलं. वॉचमन बघत होता. बघू दे.

६ जुलै

सुभेदार इंग्रजी नावं घेतात: सेमीब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर. मोबाइलवर जे व्हिडिओ बघतो त्यातले अमेरिकन लोक होल, हाफ, क्वार्टर, एट्थ म्हणतात. अमेरिकन नावं सोपी आहेत, पण पाय सुभेदारांच्या नावांनी पडतो.

१९ जुलै

अखेर बेस हातात घेऊ दिला. आणि लगेच वाद झाला.

मधल्या रेघेवरचा डी. तो मला मोकळ्या तारेवर मिळतो, ए तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो आणि ई तारेच्या दहाव्या पडद्यावरही मिळतो. कुठे वाजवायचा? "कागदावर काय लिहिलंय?" सुभेदारांनी विचारलं. "डी." "मग डी वाजवा." "पण कुठला?" "ते कागद सांगत न्हाई. त्येचं तुम्ही बघा."

टॅबमध्ये हा प्रश्नच येत नाही. टॅब चार तारा काढतो आणि कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं तो आकडा लिहून टाकतो. म्हणून पोरांना टॅब आवडतो, मलाही आवडायचा. पण बहुतेक टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा ते नसतं. गाणं आधीपासून पाठ असेल तरच टॅब उपयोगाचा. न ऐकलेलं गाणं टॅबवरून वाजवता येत नाही, आणि मला येत्या ऑक्टोबरात नेमकं तेच करायचंय.

बोटांची जागा ठरवायची कशी, याचं उत्तर दोन दिवस घासून थोडं हाती आलं. पुढच्या चार-पाच स्वरांकडे नजर टाकायची आणि हात कमीत कमी हलेल अशी जागा पकडायची. हात एका जागी बसला की मानेकडे बघावं लागत नाही. मानेकडे बघायचं तर कागदावरची जागा सुटते.

लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्याच्या मानेवर पडदे बसवले होते. प्रिसिजन हे नाव त्यावरूनच. उभ्या डबल बेसला पडदे नसतात, सूर कानाने पकडावा लागतो, आणि ते वाद्य वाहून नेणं म्हणजे घरातलं कपाट हलवणं. पडद्यांमुळे गिटारवालाही चार दिवसांत बेस धरू लागला. मग बेसवाल्यांच्या दोन जाती झाल्या. डबल बेसवरून आलेले वाचणारे आणि गिटारवरून आलेले कानाचे. मोटाउनचा जेम्स जेमर्सन पहिल्या जातीतला. डेट्रॉइटच्या शाळेत डबल बेस शिकून आलेला, जॅझ वाजवणारा, आणि प्रिसिजनवर उजव्या हाताचं एकच बोट वापरणारा. कॅरोल के दुसऱ्या बाजूने, गिटारवरून, आली आणि तरी वाचणारी. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून वाजवायची आणि १९६९ मध्ये तिने बेस शिकवणारं पुस्तक स्वतःच छापलं. तेव्हा जातीचं फार मनावर घेऊ नये.

३ ऑगस्ट

आईची गाण्याची वही काढून बसलो. भातखंडे पद्धतीची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ. समेला फुली, खालीला शून्य. चार मिनिटांत वाचायला येते.

या वहीत सा कुठे आहे ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही, सा गाणाऱ्याच्या गळ्यात. आई काळी पाचमध्ये गायची, तिच्या बाई काळी चारमध्ये, वही तीच. पाच रेघांचा कागद असं काही ऐकून घेत नाही. तिथे सी म्हणजे सी. गाणाऱ्याने सूर बदलला की अख्खा कागद नव्याने लिहायचा.

आणि आज एक गंमत लक्षात आली, ती लिहून ठेवतो. नोटेशनची सगळी पुस्तकं सी मेजरपासून सुरू होतात, मग जी, मग डी, मग एफ. सी म्हणजे आपली पांढरी एक. मला सांगा, पांढरी एकमध्ये गाणारा किती जणांनी बघितलाय? आपल्याकडे गळे पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर वाढलेत. पुरुष काळी एक, काळी दोन. बायका काळी चार, काळी पाच. आता हिशेब करा. शुद्ध स्वरांचं गाणं धरलं तर काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, त्याला दोन फ्लॅट. काळी दोन ई फ्लॅट, तीन. काळी चार ए फ्लॅट, चार. आणि आपली लाडकी काळी एक म्हणजे डी फ्लॅट, तिला तब्बल पाच: बी, ई, ए, डी, जी. गाण्यात ग, ध, नी कोमल लागले तर फ्लॅट आणखी वाढतात, मग लिहिणारा कंटाळून सी शार्प मायनर लिहितो आणि चार शार्प समोर ठेवतो. पुस्तकात जे प्रकरण "प्रगत" म्हणून शेवटी असतं ते मराठी बेसवाल्याला पहिल्याच दिवशी लागतं.

पुस्तक मिटलं. उद्यापासून डी फ्लॅट.

५ ऑगस्ट

डी फ्लॅटमध्ये एकही मोकळी तार लागत नाही. ई, ए, डी आणि जी. चारही त्या सप्तकातून बाहेर! पुस्तकवाले याला अवघड म्हणतात. मला उलट बरं वाटलं. प्रत्येक स्वर डाव्या बोटाखाली, म्हणजे बोट सैल केलं की स्वर बंद. मोकळी तार तशी ऐकत नाही, तिला वेगळं दाबावं लागतं.

१७ ऑगस्ट

रविवार. सुभेदारांकडे चहा आणि जुन्या गोष्टी. सिनेमाच्या बँडचा विषय निघाला. त्यांना फार आदर. म्हणाले, "ती गोव्याची मंडळी आमच्यापेक्षा भारी वाचायची."

खरंच आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवायचे, तीच पोरं पुढे मुंबईत आली. संगीतकार पेटीवर चाल गायचा, अरेंजर ती पाच रेघांत उतरवायचा, पार्ट वाटले जायचे आणि ताफा वाचून वाजवायचा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांचं नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे गल्लीबोळात पोचलं, पण ते व्हायोलिनवादक होते हे गल्लीबोळाला ठाऊक नव्हतं. आर. डी. बर्मनकडे बेसवर टोनी वाझ. आपण ऑर्केस्ट्रावाले त्यांचे बेस कानाने उचलतो आणि स्टेजवर टाळ्या घेतो. या लोकांच्या हातात कागद होता म्हणून ते यांत्रिक वाजवत होते असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? वाचायला लागलं की फील जातो, ही आमच्या धंद्यातली आवडती थाप आहे. न वाचणाऱ्यांनी पसरवलेली.

३० ऑगस्ट

गणपतीचे कार्यक्रम. रोज रात्री साऊंडच्या भिंतीपुढे. वाचन शून्य.

१४ सप्टेंबर

गणपती संपले. आज फक्त रेस्ट.

क्रॉचेट रेस्टचं चिन्ह वेडंवाकडं असतं, ते दिसलं की मी आजवर काय करत होतो? काहीच नाही. पुढचा स्वर येईपर्यंत हात स्वस्थ. पण बेसची तार तशी स्वस्थ बसत नाही. जाड तार, एकदा छेडली की कितीतरी वेळ घुमत राहते, आणि कागदावर शांतता लिहिलेली असताना स्पीकरमधून ई चालूच. सुभेदारांनी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. "युफोनियमला फुंक थांबली की आवाज थांबतो. तुमचं यंत्र थांबतच न्हाई की."

मग ते कसं थांबवायचं यात सकाळ गेली. डावं बोट तारेवरून न उचलता सैल करायचं. उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारांवर टेकवून ठेवायचा, स्वर खालच्या तारेवर गेला की अंगठाही सरकवायचा. म्हणजे रेस्ट ही हाताने करायची क्रिया आहे, तिला ठेका आहे, ती एकवर किंवा तीनवर नेमकी पडावी लागते. आमच्याच कार्यक्रमांतली जुनी रेकॉर्डिंग लावून बघितली. बास ड्रम आणि बेस यांच्यात जो चिखल होतो, ज्यासाठी आम्ही साऊंडवाल्याला शिव्या घालतो, तो बराचसा तिथे आहे. स्वर बरोबर, ठेका बरोबर, लांबी मात्र कोणी मोजलेली नाही. कानाने उचलताना स्वर कुठे सुरू होतो ते कान पकडतो. कुठे संपतो ते पकडत नाही. कागद दोन्ही लिहितो.

तीन महिन्यांत मला जे नवं मिळालं ते मुख्यतः हे. स्वर तर मला आधीही येत होते.

५ ऑक्टोबर

पार्ट आले. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ, चौदा गाण्यांची बत्तीस पानं. छापून, चिकटवून, पान उलटायची वेळ रेस्टमध्ये येईल अशी लावून घेतली.

निम्म्यापेक्षा जास्त फ्लॅटची. म्हटलं नव्हतं?

सगळं लिहिलेलंही नसतं, हे नवीन. काही बारमध्ये नुसत्या चार तिरप्या रेघा आणि वर कॉर्डचं नाव. म्हणजे इथे तुम्हाला सुचेल ते वाजवा, ऑर्केस्ट्रातल्यासारखं. एके ठिकाणी ए फ्लॅट, मग तिरपी रेघ, मग ई फ्लॅट. गिटारवाला पहिल्या अक्षराची कॉर्ड धरतो, बेसवाल्याने रेघेनंतरचं अक्षर वाजवायचं. एका गाण्याला सुरुवातीलाच जाड आडवी पट्टी आणि वर २४ आकडा. चोवीस बार गप्प. सुभेदारांनी मोजायची रीत दिली: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. बारचा आकडा पहिल्या मात्रेवर बोलायचा. बोटांवर मोजू नका म्हणाले, बोटं वाद्याला लागतात.

१२ ऑक्टोबर

तालीम. सकाळी नऊ ते रात्री आठ.

व्हायोलिनवाले मुंबईहून आले होते, बसले, सूर मिळवले आणि पहिल्यांदा बघितलेलं गाणं पहिल्याच फेरीत शेवटपर्यंत वाजवलं. मीही शेवटपर्यंत पोचलो. दोन ठिकाणी कोडाकडे, म्हणजे शेवटच्या तुकड्याकडे, उडी मारायची होती, तिथे पेन्सिलीने भला मोठा गोल करून ठेवला होता.

दुपारी जेवणानंतर गायकाचा घसा बसला. डी फ्लॅटमधलं गाणं, म्हणाले, "अर्धा सूर खाली घेऊ या." काळी एकची पांढरी एक. व्हायोलिनच्या ओळीत कुजबुज. अरेंजर लॅपटॉप उघडून बसले, बटण दाबून नवे कागद काढता येतात, पण प्रिंटर शेजारच्या बिल्डिंगमध्ये. व्हायोलिनवाले वाट बघत होते. मी विचार केला, या पार्टमध्ये एकही मोकळी तार नाही, सगळा स्वर बोटाखाली आहे. म्हणजे डोळ्यांनी डी फ्लॅटच वाचायचं आणि डावा हात अख्खाच्या अख्खा एक पडदा खाली सरकवून ठेवायचा. ई तारेवरचा पहिल्या पडद्याचा एफ तेवढा मोकळ्या तारेवर गेला, बाकी सगळं जसंच्या तसं. कागद येईपर्यंत मी, ड्रमर आणि कीबोर्डवाला गायकाबरोबर गाणं दोनदा काढून बसलो होतो. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं होतं, ते वेगळं.

अरेंजर माझ्याकडे बघून म्हणाले, "कागद बदलून देऊ का तुम्हाला?" "राहू द्या," म्हटलं.

२१ ऑक्टोबर

काल पहाटे साडेपाचला पडदा उघडला. थंडी नव्हती, उटण्याचा वास मात्र पहिल्या दोन रांगांतून स्टेजपर्यंत येत होता. कार्यक्रम झाला. चौदाही गाणी कागदावर. चोवीस बारची ती शांतता मोजताना ओठ हलत होते, असं बायकोने सांगितलं. जानेवारीतल्या कार्यक्रमासाठीही अरेंजरनी विचारलंय आणि पैसे ऑर्केस्ट्रापेक्षा जास्त सांगितलेत. ते इथे लिहीत नाही.

आमच्या ग्रुपमधला धाकटा बेसवाला, इंजिनिअरिंगला असलेला, कार्यक्रम संपल्यावर स्टँडवरचे कागद उलटून बघत होता. म्हणाला, "दादा, सुरुवात कुठून करू?" त्याला सांगितलं ते इथेही लिहितो. आधी नुसती टाळी, स्वर नंतर. सी मेजरचं पुस्तक आणू नकोस, तुझा सिंगर काळी एकमध्ये गातो. मानेकडे बघू नकोस. स्वर बंद कुठे होतो ते रोज दहा मिनिटं बघ. टॅब ठेव, फेकू नकोस, पाठ गाण्याला बरा असतो.

सुभेदार रविवारी सकाळी साडेसातला शिकवतात. फी घेत नाहीत. बूट घालून जावं लागतं.